'हीन याती माझी देवा' हा अभंग आज सगळ्यांनी मिळून म्हणायचा का?

टाळकरी_ताई

नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारते. थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमच्या कॉलनीत भजनी मंडळ आहे. बायका, पुरुष, कॉलेजची काही मुलं असे सगळे मिळून गुरुवारी संध्याकाळी बसतो. रूपाच्या अभंगाने सुरुवात, मग ज्याला जे येतं ते, एखादी गौळण, शेवटी भैरवी. आषाढीला हॉलमध्ये मोठा कार्यक्रम असतो. यंदा मी सुचवलं की दरवेळी ज्ञानोबा-तुकोबाच नको, चोखोबांचे, म्हणजे महार जातीत जन्मलेल्या संत चोखामेळ्यांचे, अभंग घेऊ आणि निवेदनात त्यांच्याबद्दल नीट सांगू. सगळ्यांना आवडलं. चोखोबांच्या नावावरचा 'अबीर गुलाल उधळीत रंग' तर सगळ्यांना पाठच असतो, त्याच्या जोडीला मी 'हीन याती (म्हणजे जात) माझी देवा, कैसी घडे तुझी सेवा' काढला.

पखवाजाला आमच्याकडे एक मुलगा आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. हात इतका गोड की काय सांगू. घर बौद्ध आहे, घरात देव नाहीत, पण पखवाज तो लहानपणापासून शिकलाय आणि वाजवायला मिळतं म्हणून आमच्यात येतो. त्या दिवशी नेहमीसारखी डाव्या पुडीला कणीक लावून बसला, आम्ही अभंग सुरू केला आणि 'मज दूर दूर हो म्हणती, तुज भेटू कवण्या रीती' ही ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा त्याचा हात थांबला. मला वाटलं ठेका चुकला. तर म्हणाला, काकू, हा अभंग नका ना घेऊ, घेणार असाल तर मी त्या दिवशी येत नाही. का रे म्हटलं तर म्हणाला, ही ओळ तुम्ही सगळे डोळे मिटून म्हणता, मला नाही डोळे मिटता येत.

मंडळातल्या एका ज्येष्ठांनी लगेच सांगितलं की संतांना जात नसते, तू मनाला लावून घेऊ नको. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, मग चोखोबा नकोतच, कशाला उगाच वाद, सणाचा दिवस आहे. मला या दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. पहिलीत त्या मुलाचं म्हणणं गिळून टाकलं जातं, दुसरीत चोखोबा पुन्हा बाहेर.

माझी विठ्ठलावर मनापासून श्रद्धा आहे, आणि मी वयात आल्यापासून हेच धरून चालले की वारकऱ्यांच्या कवितेत सगळे सारखे. आता प्रश्न असा पडलाय की ज्याला कधी कुणी दूर हो म्हटलं नाही त्याने 'मज दूर दूर हो म्हणती' असं म्हणायचं म्हणजे नक्की काय करायचं? ते दुःख आपण जवळ घेतो की नुसतं सुरात म्हणून टाळ खाली ठेवून घरी जातो? तुम्ही काय कराल? अभंग घ्याल की वगळाल?

जुना_मास्तर

ताई, फार महत्त्वाचा विषय काढलात. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, चोखोबांचे अभंग वर्गात कितीदा घेतले, तेव्हा शिक्षक म्हणून जे दिसलं ते सांगतो.

आपण चोखोबांना फक्त करुणेचा कवी करून टाकलंय. पुस्तकात त्यांचा अभंग येतो तो बहुतेक वेळा एकतर 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' किंवा मग असा हात जोडलेला. पण त्याच माणसाने 'वेदासी विटाळ शास्त्रासी विटाळ, पुराणे अमंगळ विटाळाची' असंही लिहिलंय. म्हणजे ज्या विटाळाच्या नावाने मला बाहेर ठेवता तो तुमच्या वेदातही आहे, शास्त्रातही आहे, मग सोवळा राहिला कोण? हे चौदाव्या शतकात लिहिलंय, आणि ज्यांच्या विरुद्ध लिहिलं त्यांच्याच गावात राहून, त्यांचीच कामं करून. त्यांचा शेवटही बघा. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं, म्हणजे गावाभोवतीच्या भिंतीचं, काम चालू होतं, ते कोसळलं आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखोबा गेले. गावकुसाच्या बाहेर ज्याचं घर होतं त्याला त्याच कुसाच्या कामावर मरण आलं. नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली अशी परंपरा आहे. हे सगळं निवेदनात सांगितलं पाहिजे. अभंग सुटा उचलला की तो नुसता रडका वाटतो, आणि चोखोबा रडके नव्हते.

दुसरी गोष्ट, त्या घरात एकटे चोखोबाच लिहीत नव्हते. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे अभंग रचणारे. आणि मुलाचा आवाज बापापेक्षा पार वेगळा आहे. बाप म्हणतो माझी जात हीन, मी तुझी सेवा कशी करू. मुलगा देवालाच धरतो:

आमुची केली हीन याती
तुज का न कळे श्रीपती
जन्म गेला उष्टे खाता
लाज न ये तुमचे चित्ता

देवाला विचारतो, तुला लाज वाटत नाही का? आणि शेवटी कासया जन्म दिला मला असं विचारून थांबतो, पुढे 'तरी तुझाच आधार' वगैरे काही नाही. वर्गात हा अभंग फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करून बघायची.

तेव्हा माझं मत असं की वगळू नका. बापाचा अभंग घ्या आणि लगेच मुलाचा घ्या, मध्ये टाळ्या घेऊ नका.

साधा_माणूस

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. भक्ती ही अशी एक जागा होती जिथे तरी आपण हे सगळं बाजूला ठेवत होतो. आता भजनातही कोण कुठल्या घरचा हे बघायचं का? अभंगातला 'मी' हा म्हणणाऱ्याचा असतो. तुकोबांचा अभंग म्हणताना मी वाणी होत नाही, जनाबाईंचा म्हणताना बाई होत नाही, पण त्यांचं जे देवाशी बोलणं आहे ते माझं होतं. मी दिवसभर कारखान्यात मशीनवर असतो, रात्री हेच दोन अभंग ऐकून झोप लागते. त्यातही जात शोधली तर माणसाने जायचं कुठे? मुलाच्या मनाचा मान ठेवावा हे बरोबर, पण उद्या प्रत्येक अभंगाला कुणाचं तरी मन दुखेल.

निळी_शाई

साधा_माणूस दादा, तुमच्यावर राग नाही. दिवसभर राबून अभंगात विसावा शोधणारा माणूस माझ्या घरातही होता, माझे आजोबा. त्यांना तुकोबा तोंडपाठ. म्हणून नीट बोलतो.

अभंगातला 'मी' म्हणणाऱ्याचा होतो हे खरं, पण तो सगळ्यांचा सारखा होत नाही. तुम्ही 'हीन याती माझी' म्हणता तेव्हा तुम्ही नम्र होता. माझे आजोबा तेच म्हणायचे तेव्हा समोरचे माना डोलवायचे, कारण त्यांच्या दृष्टीने ती वस्तुस्थितीच होती. शब्द तेच, पण एकाची त्यात शोभा वाढते आणि दुसऱ्याला त्याची जागा दाखवली जाते. तो मुलगा डोळे मिटू शकत नाही म्हणाला ना, ते हेच आहे. त्याला ती ओळ म्हणताना आजूबाजूला कोण कसं बघतंय हे बघावं लागतं.

आणि मास्तर, तुम्ही चोखोबांचा बंडखोर अभंग सांगितला, तो आहेच. पण दुसरा का लपवायचा? 'मी यातीहीन महार, पूर्वी निळाचा अवतार, कृष्णनिंदा घडली होती, म्हणोनि महार जन्म प्राप्ती' हाही त्यांच्याच गाथ्यात आहे. मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या जन्मी महार झालो. हे वाचून आमच्या पिढीतल्या कित्येकांनी गाथा मिटला तो मिटलाच, आणि ते चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. ज्या विचाराने तुम्हाला पाणी नाकारलं तोच विचार तुमच्या सर्वात जवळच्या कवीच्या तोंडून ऐकायचा, हे सोपं नाही. मला स्वतःला आता असं वाटतं की चौदाव्या शतकात एका माणसाला जेवढी भाषा हाताशी होती तेवढ्यात तो झगडला, कधी जिंकला कधी हरला, आणि त्याच्या कवितेत दोन्ही आहे म्हणूनच ती खरी आहे. पण हे मला माझं माझं वाटायला हवं. दुसऱ्या कुणी समजावून नाही.

बाबासाहेबांनी या कवितेशी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला तेव्हा त्यावर तुकोबांचा अभंग होता, 'काय करू आता धरुनिया भीड, निःशंक हे तोंड वाजविले'. 1927 ला 'बहिष्कृत भारत' काढला तर त्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. 1948 मध्ये अस्पृश्यांच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. म्हणजे संतांचे शब्द त्यांनी टाकले नाहीत. पण पत्नी रमाईंनी पंढरपूरला जायचं म्हटलं तेव्हा त्यांनी नेलं नाही, कारण तिथे बाहेर उभं राहून दर्शन घ्यावं लागलं असतं. धनंजय कीरांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. ज्या पंढरपूरला आपल्याला आत घेत नाहीत तिथे कशाला, आपण आपल्या सेवेने दुसरं पंढरपूर उभं करू, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. रमाई 1935 ला गेल्या. त्यांना विठ्ठल भेटला नाही. मला हा प्रसंग आठवला की तुमच्या कॉलनीतला हॉल डोळ्यासमोर येतो, कारण अशाच हॉलमध्ये आपण सगळे 'भेदाभेद भ्रम अमंगळ' म्हणतो आणि घरी गेल्यावर मुलीच्या स्थळासाठी पोटजात विचारतो.

ताई, तुम्ही मनापासून विचारताय हे दिसतंय म्हणून एक सांगतो. अभंग घ्यायचा की नाही हे आम्हाला विचारण्याआधी त्या मुलाला विचारा की तुला काय म्हणायचंय. त्याने काय म्हणू नये याचा विचार चाललाय, त्याला काय म्हणायचंय हा प्रश्न अजून आलाच नाही. तो फक्त पखवाजच वाजवतो का? त्याच्या घरात वामनदादा कर्डकांची गाणी असतील, भीमजयंतीला तो गात असेल, कदाचित लिहीतही असेल. आमच्याकडे गावोगावच्या भजनी मंडळांनी 1956 च्या धर्मांतरानंतर टाळ-पेटी तीच ठेवली आणि शब्द बदलले, बुद्ध-भीमाची गाणी सुरू केली. संगीत आम्ही सोडलं नाही, हात जोडणं सोडलं. हे ज्याला कळलं त्याला त्या मुलाचा थांबलेला हात कळेल.

वारीची_वाट

माऊली, रामकृष्णहरी. निळी शाई दादांचं बोलणं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही, आता लिहितो.

मी माळकरी. आमच्या घरात वारी आजोबांपासून. पंढरपूरला महाद्वारात नामदेव पायरी आहे, त्या समोर चोखोबांची समाधी. मी दरवेळी तिथे आधी डोकं टेकवतो, मग आत जातो, तशीच रीत आहे. लहानपणी मला वाटायचं की केवढा हा मान, आधी चोखोबा मग विठोबा. पुढे वाचायला लागल्यावर कळलं की 1947 पर्यंत दलितांना त्या समाधीच्या पुढे पाऊलच टाकता येत नव्हतं. माझ्यासाठी जी पहिली पायरी होती ती त्यांच्यासाठी शेवटची होती. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, 1 मे पासून 10 मे पर्यंत, तेव्हा कुठे दार उघडायची कबुली मिळाली. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने राहिले होते आणि विठ्ठलाचं दार माणसांना बंद होतं. आमच्या संप्रदायातले कितीतरी मोठे लोक तेव्हा गुरुजींच्या विरोधात होते हे मी वारकरी म्हणून सांगतो, झाकत नाही. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचा वंशपरंपरेचा हक्क तर सुप्रीम कोर्टाच्या निकालाने 2014 ला संपला, त्यानंतर तिथे बायका आणि इतर जातीतले पुजारी नेमले गेले. म्हणजे चोखोबांचं म्हणणं पुरं व्हायला किती शतकं लागली आणि शेवटी ते झालं तेही कीर्तनाने नाही, उपोषणाने आणि कोर्टाने.

मग कवितेचा उपयोग काय, असं मला एका तरुण वारकऱ्याने विचारलं होतं. मला वाटतं साने गुरुजी तरी कुठून आले? ते संतांच्या कवितेतूनच आले. 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले' हे त्यांनी खरं मानलं, एवढंच. आपण ते फक्त चालीत म्हणतो. कवितेने दार उघडत नाही हे मान्य, पण दार बंद आहे याची लाज कविता जिवंत ठेवते, नाहीतर आपण कधीच विसरलो असतो.

समाजशास्त्राच्या अभ्यासक इरावती कर्वे वारीला गेल्या होत्या, त्यांनी लिहिलंय की एकाच दिंडीतले लोक दिवसभर एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात आणि जेवायला मात्र ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी. त्यांना ते फार लागलं. आजही मुक्कामाला मी बघतो कोण कुठल्या तंबूत जेवतंय. बरंच बदललंय, सगळं नाही. म्हणून ताई, माझी सूचना अभंगाबद्दल नाही, प्रसादाबद्दल आहे. आषाढीचा फराळ कोण करणार, कुणाच्या घरी होणार, ते बघा. त्या मुलाच्या आईला स्वयंपाकात बोलवा, वाढायला नाही, खिचडी करायला. आणि कोण खातं कोण 'माझं आज काहीच नाही' म्हणतं ते तुम्हाला तिथेच कळेल, अभंगाचं उत्तर आपोआप मिळेल.

निळी_शाई

माऊली, एक विचारतो. तिची इच्छा असेल तर बोलवा. आमच्या हातचं खाऊन तुम्ही पुरोगामी ठरायचं आणि त्यासाठी तिने परीक्षेला बसायचं, असं नको. तिच्या घरी आषाढी नसते. ती पाहुणी म्हणून येऊन पहिल्या रांगेत बसली तरी चालेल की.

वारीची_वाट

बरोबर आहे तुमचं. आधी तिला विचारायचं, हे राहूनच जातं.

रानजाई

सगळे चोखोबांवर बोलतायत, मी सोयराबाईंवर बोलते कारण मला त्या जवळच्या वाटतात.

'अवघा रंग एक झाला' किशोरीताई आमोणकरांच्या आवाजात घराघरात वाजतो. हा सोयराबाईंचा आहे हे किती जणांना माहीत असतं? मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तरं आली तुकाराम, नामदेव, एकाने मीराबाई लिहिलं. एका महार बाईने लिहिलेली कविता शास्त्रीय मैफिलीच्या शेवटी लोक उभं राहून ऐकतात आणि तिचं नाव तेवढं गळून पडतं. हा अन्याय मला 'दूर दूर हो' म्हणण्याइतकाच मोठा वाटतो, फक्त तो कुणी ओरडून करत नाही.

आणि त्यांचा दुसरा अभंग घ्या, 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध, देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म'. पुढे तर सरळ विचारतात की विटाळाशिवाय कुठला देह जन्माला आलाय ते सांगा. हा जातीच्या विटाळाबद्दल आहे आणि बाईच्या पाळीबद्दलही आहे, दोन्ही एकदम, आणि दोन्ही अपमान तिने स्वतः भोगलेत. मला पहिल्यांदा पाळी आली ते गणपतीचे दिवस होते, आईने पाच दिवस आतल्या खोलीत बसवलं, बाहेर आरती चालू होती आणि मी दाराच्या फटीतून बघत होते. चोखोबांचा अभंग मला जातीने कळत नाही, कारण मला कधी कुणी जातीवरून दूर केलं नाही, पण सोयराबाई मला त्या फटीतून कळल्या. म्हणून निळी शाई, तुमचं पटतं की 'मी' सगळ्यांचा सारखा होत नाही, पण कधीकधी एखाद्या कवितेत शिरायला आपल्यालाही एखादं दार असतं, ते छोटं असतं, त्यातून वाकून जावं लागतं आणि आत गेल्यावर आपलं दुःख तिच्या दुःखाएवढं आहे असं म्हणायचं नसतं.

अजून एक. संत बहिणाबाईंचा 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' सगळ्यांना येतो. ज्ञानदेव पाया, नामदेव विस्तार, एकनाथ खांब, तुका कळस. त्या अख्ख्या इमारतीत चोखोबा कुठेच नाहीत. पण जनाबाई, जी स्वतः दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी दासी, ती 'विठो माझा लेकुरवाळा' मध्ये सगळ्यांना विठ्ठलाच्या अंगाखांद्यावर बसवते आणि चोखोबांना कुठे ठेवते बघा, 'गोरा कुंभार मांडीवरी, चोखा जीवाबरोबरी'. जीवाबरोबर! ज्याला देवळाच्या बाहेर ठेवलं त्याला तिने देवाच्या काळजापाशी नेऊन ठेवलं. ज्यांना स्वतःला जागा नव्हती त्यांनाच दुसऱ्याला कुठे बसवायचं ते कळलं. तुमच्या कार्यक्रमात हा घ्याच ताई, आणि तो बायकांनी म्हणावा.

साधा_माणूस

सगळं वाचलं. निळी शाई दादा, पोटजातीचं वाक्य खरं आहे, आमच्याच घरात सध्या मुलीचं बघणं चालू आहे आणि बायोडेटावर ते लिहिलेलं आहे. त्यावर मी इथे जास्त बोलत नाही, घरी बोलतो. पण माझं एक म्हणणं अजून तसंच आहे की भजन हा वादाचा फड होऊ नये. जनाबाईंच्या अभंगाची सूचना मला फार आवडली.

जुना_मास्तर

साधा_माणूस, वादाचा फड आपल्या कवितेत नवा नाही हो. तुकोबांनी 'वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा' म्हटलं तेव्हा तो वादच होता, आणि त्यांची गाथा नदीत बुडवायला लावली ही गोष्ट आपण श्रद्धेने सांगतो, म्हणजे कुणाला तरी ती कविता झोंबली होती. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'शेख महंमद अविंध (म्हणजे मुसलमान), त्याचे हृदयी गोविंद' असं लिहून गेले. जोतिबा फुल्यांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला आणि लिहिले ते अखंड, अभंगाच्याच वळणाचे. नारायण वामन टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले तरी अभंग लिहायचे थांबले नाहीत. ज्याला ज्याला या समाजाशी भांडायचं होतं त्याने याच छंदात भांडण केलं, कारण लोकांच्या कानाला हाच छंद ओळखीचा. भांडण आणि भजन इथे एकाच घरात राहत आलेत.

टाळकरी_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

निळी शाई दादांचं वाचून मी त्या मुलाला फोन केला आणि तेच विचारलं, तुला काय म्हणायचंय. आधी गप्प बसला, मग म्हणाला उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी घरी आला आणि मास्तरांनी लिहिलाय तोच कर्ममेळ्यांचा अभंग त्याने मोबाइलवर मला दाखवला. मी काही सांगितलं नव्हतं, त्याला आधीपासून माहीत होता. म्हणाला हा मी म्हणणार, एकट्याने, आणि पखवाज तेवढ्यापुरता दुसऱ्या कुणाकडे द्या. वर म्हणाला की त्याची स्वतःची एक कविता आहे, आईवर, ती वाचायला मिळेल का. कविता मी वाचली. त्याची आई पहाटे बसने कामाला जाते, तिथे तिला कपबशी वेगळी ठेवलेली आहे, फडताळात खालच्या फळीवर, आणि तिने एकदा ती कपबशी मुद्दाम फोडली आणि दुसऱ्या दिवशी तशीच नवी आणून ठेवलेली दिसली. बस एवढीच कविता आहे. एकही मोठा शब्द नाही त्यात. वाचून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

मंडळात सांगितलं तेव्हा सरळ झालं नाही. ज्येष्ठ म्हणाले, आषाढीला कपबशी कशाला, देवाचं म्हणायचं असतं. मी म्हटलं कर्ममेळ्यांनी उष्टं खायची गोष्ट देवालाच सांगितली होती, तीही आषाढी-कार्तिकीच्याच देवाला. त्यावर ते काही बोलले नाहीत पण कार्यक्रमाला येईन की नाही बघू म्हणाले. दोन घरं येणार नाहीत असं दिसतंय. मला वाईट वाटतंय, इतक्या वर्षांची सोबत आहे, पण मी बदलणार नाही. त्या मुलाला एकदा हो म्हटल्यावर आता नाही म्हणायचं म्हणजे मीच त्याला दूर हो म्हटल्यासारखं आहे.

'हीन याती माझी' सध्या आम्ही कुणीच म्हणणार नाही, निवेदनात मी तो वाचून दाखवीन, चाल न लावता. सोयराबाईंचा 'देहासी विटाळ' बायका म्हणणार, जनाबाईंचाही. एका सूनबाईंनी विचारलं की पाळी असली तर त्या दिवशी म्हटलं तर चालेल का, मी म्हटलं अभंगात काय लिहिलंय ते वाच आणि तूच ठरव. ती येणार आहे.

त्याच्या आईला मी स्वतः जाऊन बोलावणार, पाहुणी म्हणून.

आता अडचण चालीची आहे. कर्ममेळ्यांचा अभंग आमच्यात कुणी कधी ऐकलेला नाही, चाल लावायची कशी? मुलाला वेळ थोडा आहे, परीक्षा आहे त्याची. मास्तर किंवा माऊली, काही सुचवाल का?

वारीची_वाट

माऊली, हा लहान अभंग आहे, आठ-आठ अक्षरांचा, 'जे का रंजले गांजले' सारखाच. ती चाल त्याला येत असेल तर त्याच चालीत म्हणू दे, नवीन लावायच्या भानगडीत आत्ता पडू नका. 'आमुची केली हीन याती' मध्ये एक अक्षर जास्त आहे, 'आमुची' पटकन घ्यायचं म्हणजे 'हीन' समेवर नीट येतं. 'तुज का न कळे' ला पण तसंच. 'जन्म गेला उष्टे खाता' बरोब्बर बसतं, तिथे ओढायचं नाही, सरळ म्हणायचं. ध्रुवपद पहिलंच कडवं ठेवा आणि मागे टाळकऱ्यांनी ते धरायचं की नाही हे त्याला विचारा, त्याला एकट्यालाच म्हणायचं असेल तर टाळ हळू ठेवा. पखवाजाला माणूस नसेल तर मला कळवा, आमच्या दिंडीतला एक चांगला वादक आहे, मी घेऊन येतो.